अर्थना आणि प्रत्याख्यान : दक्षिणेपासून अनुदानापर्यंत

विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांस संशोधनाकरितां अनुदान मागण्याचा प्रस्ताव कसा लिहावा, याचें शिक्षण देणारे वर्ग अलीकडे ठिकठिकाणीं भरूं लागले आहेत. दोन-तीन दिवसांच्या या वर्गांत उद्दिष्ट कसें मांडावें, खर्चाचें अंदाजपत्रक कसें करावें, परीक्षकांच्या शंकांस आधींच उत्तर कसें द्यावें इत्यादि गोष्टी सांगण्यांत येतात. आमच्या परिचयाच्या कित्येक वृद्ध विद्वानांस हा प्रकार हास्यास्पद वाटतो. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याच्यापाशीं विद्या आहे त्यास मागण्याची विद्या निराळी शिकावी लागूं नये. आणि ज्याच्यापाशीं ती नाहीं त्यास मागावयास शिकविणें म्हणजे दात्याच्या फसवणुकीचें शिक्षण देणें होय. हा आक्षेप ऐकावयास गोड असला तरी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें. विद्येसाठीं धन मागण्याच्या रीती आपल्याकडे वेळोवेळीं बदलत आल्या आहेत, आणि प्रत्येक बदलाबरोबर मागणाराच्या लेखणीवरील भार वाढत गेला आहे. तो कसा वाढला हें मुख्यत्वें पुण्याच्या उदाहरणावरून दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक अडचण सांगितली पाहिजे. दानपत्रें टिकतात, याचनापत्रें टिकत नाहींत. ताम्रपटावर दात्याची वंशावळ, घेणाराचें गोत्र व शाखा, गांवाच्या चतुःसीमा हें सर्व कोरलेलें असतें; परंतु घेणारानें राजापाशीं कोणत्या शब्दांत मागणें केलें, हें बहुधा कळत नाहीं. कांहीं ताम्रपटांत अमक्याच्या विज्ञप्तीवरून हें दान दिलें, एवढा उल्लेख येतो. ती विज्ञप्ति हीच आपल्या विषयाची मूळ वस्तु, आणि नेमकी तीच हरवलेली! तांब्यावर उपकार कोरला गेला. गरज मात्र ताडपत्रावर किंवा तोंडींच राहिली.

तथापि मागण्याचा लेख कसा असावा, याविषयींचें शास्त्र शिल्लक आहे. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं सन १९०९ मध्यें कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या राजनीतीचीच चर्चा फार झाली. दुसऱ्या अधिकरणांतील दहाव्या अध्यायाकडे, म्हणजे शासनाधिकाराकडे, तितकें लक्ष गेलें नाहीं. या अध्यायांत लेख कोणकोणत्या प्रयोजनांसाठीं लिहिला जातो त्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत 'अर्थना' म्हणजे मागणें व 'प्रत्याख्यान' म्हणजे नकार हे दोन्ही एकामागून एक आले आहेत. हा क्रम सहज आला असेल. परंतु ज्यानें कधीं अर्ज केला आहे, त्यास तो अनुभवाचा वाटेल. पुढें लेखाचे सहा गुण दिले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व. मुख्य गोष्ट आधीं यावी; पुढील मजकुरानें मागील मजकुराचा शेवटपर्यंत विरोध करूं नये; अर्थ, पदें व अक्षरें हीं कमी नसावीं, तशीं अधिकही नसावीं, आणि विधानास हेतु व दृष्टांत यांची जोड असावी; शब्द ग्राम्य नसावे, पण सर्वांस ठाऊक असलेले असावे. दोषांची यादीही अशीच व्यवहारी आहे. मळका कागद आणि वेडेंवांकडें, पुसट अक्षर यालाही तेथें दोषांत स्थान आहे. हे नियम राजाच्या लेखकांस उद्देशून सांगितले आहेत हें खरें; परंतु ज्या लेखनिकास देण्याचें पत्र असें लिहावयास शिकविलें, तो मागण्याचें पत्रही त्याच कसोटीवर वाचणार, हें उघड आहे. पुढील काळीं गुजराथेंत 'लेखपद्धति' या नांवानें निरनिराळ्या दस्तऐवजांचे संस्कृत नमुने एकत्र झाले (बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत हा संग्रह सन १९२५ मध्यें छापला आहे), आणि महाराष्ट्रांत हेमाद्रीच्या नांवावर चालणारीं मेस्तकें कारकुनांच्या हातीं राहिलीं. सारांश, लेखन ही शिकण्याची गोष्ट आहे याविषयीं आपल्या पूर्वजांस शंका नव्हती.

मग शास्त्री-पंडितांस हें शिक्षण कां लागलें नाहीं? कारण त्यांना लिहून मागावेंच लागत नसे. श्रावणमासांतील दक्षिणेचा प्रघात तळेगांवच्या सेनापति दाभाड्यांनीं घातला. सन १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर तो पेशव्यांनीं पुण्यास चालू ठेविला. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मण जमत, आणि थोर शास्त्र्यांस त्यांच्या अधिकाराप्रमाणें अधिक दक्षिणा मिळे. येथें उमेदवाराचा अर्ज म्हणजे त्याची जिव्हा. शास्त्रांत प्रश्न विचारला असतां उत्तर आलें म्हणजे काम झालें. परीक्षा घेणारा आणि देणारा एकाच परंपरेंतले, एकाच भाषेचे, पुष्कळदां एकाच गुरूचे शिष्य. या पद्धतींत लबाडीस वाव थोडा होता, हा तिचा गुण. परंतु रमण्याचें दार एकाच वर्णास उघडें होतें, आणि त्या दारांतून कोणत्याही मसुद्याच्या बळावर दुसऱ्यास आंत जातां येत नसे, हेंही तितक्याच स्पष्टपणें नमूद केलें पाहिजे. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणारे हा दुसरा भाग सांगावयास विसरतात.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिच्याकरितां वर्षास ५०,००० रुपयांची मर्यादा ठेविली. सन १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली तिच्याशीं या पैशाचा संबंध जोडला गेला. पुढें सरकारनें नव्या माणसांस दक्षिणा देण्याचें आखडतें घेतलें, जुने दक्षिणेकरी वारत गेले, आणि निधींत शिल्लक पडूं लागली. या शिलकेचें काय करावें, असा प्रश्न उत्पन्न झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें येथून खरा इतिहास सुरू होतो.

सन १८४९ मध्यें पुण्यांतील कांहीं नवशिक्षित तरुणांनीं सरकाराकडे अर्ज केला कीं, दक्षिणेच्या पैशापैकीं कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांचें नांव या खटपटीशीं निगडित आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हा एक प्रस्तावच होता : पैसा कोठून येणार, कोणत्या कामास लागणार, त्यापासून लोकांचें हित काय होणार, हें सर्व दात्यापुढें मांडून केलेली अर्थना. त्यांत अर्जदारांनीं स्वतःकरितां कांहीं मागितलें नाहीं. निधीचा उद्देशच बदलावा, असें त्यांनीं मागितलें. साहजिकच शहरांतील जुन्या मंडळींस राग आला. जोतीराव फुले यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते कीं, अर्जदारांस इजा पोंचण्याचें भय उत्पन्न झालें तेव्हां फुल्यांनीं आपलीं शेंदोनशें माणसें त्यांच्या रक्षणास उभीं केलीं. अनुदानाच्या अर्जाकरितां पहारा बसविण्याचा प्रसंग दुसऱ्या कोणत्या शहरांत आला असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

अर्ज फळास आला. सन १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. पुढें याच निधींतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्याची चाल पडली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. एका अर्जानें एवढें घडवून आणलें, ही गोष्ट आमच्या वृद्ध मित्रांनीं लक्षांत घ्यावी.

परंतु बक्षिसाच्या रीतीनें मागणाराची स्थिति कशी पालटली तें पाहा. रमण्यांत माणसाची परीक्षा होई. कमिटीपुढें ग्रंथाची होऊं लागली. ग्रंथ आधीं पुरा करावयाचा, त्याचे कष्ट व कागद आपण सोसावयाचे, आणि मग तो परीक्षकांपुढें ठेवावयाचा. ज्याच्या घरीं वर्षभराची बेगमी आहे त्यास हें साधतें. शिवाय परीक्षक कोण, हा प्रश्न राहतोच. जोतीराव फुल्यांनीं सन १८५५ मध्यें 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून या कमिटीकडे पाठविलें. अडाणी कुणब्यास व त्याच्या गरोदर बायकोस जोशी कसा नाडतो आणि शेवटीं तीं दोघें शिकावयास कशीं निघतात, हा त्याचा विषय. कमिटीनें तें पसंत केलें नाहीं. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें फुल्यांनीं सन १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्वतः लिहून ठेविलें आहे. तें नाटक पुढें सन १९७९ मध्यें, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनीं, छापून निघालें. ज्या अर्जामुळें कमिटी जन्मास आली त्या अर्जाच्या रक्षणास जो उभा राहिला, त्याचाच ग्रंथ त्या कमिटीनें परत करावा, हा योगायोग विलक्षण आहे. येथें लेखणीचा दोष नव्हता. फुल्यांच्या मराठीइतकी स्पष्ट मराठी त्या काळीं फार थोड्यांची होती. तेव्हां अर्थना उत्तम असूनही प्रत्याख्यान येतें, आणि तें कधीं कधीं मागणाऱ्याविषयीं कमी व परीक्षकाविषयीं अधिक सांगतें, हें प्रशिक्षण देणारांनीं आपल्या विद्यार्थ्यांस पहिल्याच दिवशीं सांगावें. वर्गांत गेल्यानें अनुदान मिळतेंच, असा समज पसरविणें बरें नव्हे.

तिसरी रीत म्हणजे जें काम अद्यापि झालें नाहीं त्याकरितां, केवळ कागदावरील वचनाच्या भरंवशावर, पैसा मागणें. हिचा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा आणि अभ्यास करण्याजोगा दाखला म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ति. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यास निघाली. दुसऱ्याच वर्षीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या आवृत्तीकरितां एक लाख रुपयांचें वचन दिलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं भांडारकरांच्या हस्तें कामाचा आरंभ झाला. औंध संस्थान लहान. चित्रकार राजाची हौस मोठी. त्यांस आवृत्ति सचित्र हवी होती, पंडितांस पाठभेदांची हवी होती. दात्याची इच्छा आणि विद्वानाचें प्रयोजन यांची अशी सांगड घालतां येणें, हेंही अर्थनेचें एक अंग होय.

पण आम्हांस यापेक्षांही महत्त्वाची वाटते ती नारायण बापूजी उटगीकर यांची विराटपर्वाची आवृत्ति. ती सन १९२३ मध्यें निघाली, आणि ती अखेरची म्हणून नव्हे, तर नमुन्यादाखल काढली होती. आम्ही हें काम अशा पद्धतीनें करणार आहों, हें पाहा, आणि चुकत असल्यास सांगा, असें तिचें विद्वानांस निवेदन होतें. देशोदेशींच्या पंडितांचीं मतें आलीं, त्यांचा विचार झाला. सन १९२५ मध्यें विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाल्यावर पद्धति पुन्हां घासून नीट करण्यांत आली. आदिपर्वाचा पहिला भाग सन १९२७ मध्यें बाहेर पडला, आणि सन १९३३ मध्यें त्या पर्वास जोडलेल्या प्रस्तावनेंत सुखठणकरांनीं पोथ्यांच्या शाखा, त्यांचा परस्परसंबंध आणि पाठ ठरविण्याचे नियम हें सर्व उघड करून दाखविलें. यानंतर पैसा मागणें म्हणजे हातांत पर्व घेऊन मागणें होतें. मुंबई सरकार, संस्थानें, विद्यापीठें अशा अनेकांकडून साहाय्य आलें. हैदराबादच्या निजाम सरकारनें सन १९३२ मध्यें ११ वर्षांकरितां वर्षास १,००० रुपये आणि अतिथिगृहासाठीं ५०,००० रुपये मंजूर केले. सुखठणकर सन १९४३ मध्यें वारले. काम थांबलें नाहीं. १,२५९ पोथ्यांच्या आधारानें केलेली ती आवृत्ति सन १९६६ मध्यें पुरी झाली. आरंभापासून ४७ वर्षें! तीन वर्षांच्या आंत फल दाखवा, असें म्हणणाऱ्या आजच्या एखाद्या योजनेंत हा प्रस्ताव टिकला असता काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याच काळांत श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं ज्ञानकोशाकरितां सरकार किंवा संस्थानिक यांच्यावर भार न टाकतां सन १९१६ मध्यें लिमिटेड कंपनी काढली, आणि वर्गणीदार मिळवीत ग्रंथ पुरा केला. ती निराळी वाट असल्यामुळें तिचा विस्तार येथें करीत नाहीं. मात्र काम झाल्यावर 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत त्यांनीं या उद्योगाची सगळी कहाणी लोकांपुढें ठेविली, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. मागतांना जितकें सविस्तर लिहावयाचें तितकेंच घेतल्यावरही लिहावयाचें, हें अनुदान घेणारे फार लवकर विसरतात.

स्वातंत्र्यानंतर ही तिसरी रीतच सर्वत्र रूढ झाली. विद्यापीठ अनुदान आयोग सन १९५३ मध्यें सुरू होऊन सन १९५६ च्या कायद्यानें पक्का झाला. सामाजिक शास्त्रांकरितां सन १९६९ मध्यें व इतिहासाकरितां सन १९७२ मध्यें स्वतंत्र परिषदा निघाल्या. सन २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन अस्तित्वांत आलें. आतां दाता व याचक यांची गांठ पडत नाहीं. परीक्षक कोण, तें लिहिणारास ठाऊक नसतें. परीक्षकास लिहिणाराची विद्या ठाऊक असतेच असें नाहीं. उटगीकरांच्या विराटपर्वासारखा नमुना पुढें ठेवण्यास सवड नसते. मधें असतो तो केवळ कागद, किंवा अलीकडे संगणकावरील नमुना, आणि त्यांतही प्रत्येक रकान्यास शब्दांची मर्यादा. रमण्यांत जें काम जिव्हा, स्मृति, गुरुपरंपरा व चेहरा मिळून करीत, तें सर्व आतां एकट्या लेखणीनें करावयाचें आहे. असें असतां अध्यापकांस त्याचें शिक्षण कोण देतो? आम्ही शाळेंत होतों तेव्हां रजेचा अर्ज, पुस्तकें मागविण्याचें पत्र, फी-माफीची विनंति हीं सातवी-आठवींतल्या मुलांकडून घोटून घेत असूं. पुढें तींच मुलें पदव्या घेऊन प्राध्यापक झालीं. लाखों रुपयांचा अर्ज लिहिण्याची पाळी आली तेव्हां त्यांच्यापाशीं शिदोरी होती ती त्या फी-माफीच्या विनंतीचीच. आयोगानें सन १९८७ च्या सुमारास अध्यापकांकरितां विद्यापीठांतून उजळणीचीं केंद्रें काढलीं. तेथें प्रस्तावलेखनास एखादें व्याख्यान मिळे, कधीं मिळत नसे.

याचा तोटा कोणास होतो तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांत असे प्रस्ताव तपासून देणारी माणसें असतात, जुने मंजूर झालेले मसुदे कपाटांत असतात, आणि इंग्रजी लिहिण्याचा सराव असतो. तालुक्याच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकाजवळ यांपैकीं कांहीं नसतें. त्याला मोडी वाचतां येतें, परिसरांतील वाड्यांचीं दफ्तरें कोठें कुजत आहेत तें ठाऊक असतें, त्या घरांतील मंडळी त्यास ओळखतात. ज्याच्या हातीं मोडी आहे त्याच्या हातीं मसुदा नाहीं, आणि ज्याच्या हातीं मसुदा आहे त्यास त्या वाड्याचा रस्ता ठाऊक नाहीं. दरसाल पावसाळ्यांत वाळवी लागून जीं रुमालेंच्या रुमालें नष्ट होतात, त्यांचा हिशेब कोणत्याही अनुदानमंडळाच्या अहवालांत यावयाचा नाहीं.

संस्कृत शिकलेल्यांस तरी ही विद्या परकी वाटण्याचें कारण नाहीं. शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगावें, असा आपला संप्रदाय आहे : विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशीं संबंध कसा, आणि अधिकारी कोण. आजचा कोणताही चांगला प्रस्ताव घ्या. त्याच्या पहिल्या दोन पानांत हेच चार प्रश्न असतात. अधिकारी शब्दाचा अर्थ तेवढा फिरवावा लागतो. शास्त्रांत तो वाचणाराचा अधिकार, प्रस्तावांत करणाराचा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा म्हणून जें मागतात तो पूर्वपक्षच होय, आणि पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून सिद्धांतास किंमत नाहीं, हें तर्कसंग्रह वाचणारा मुलगाही जाणतो. राहतां राहिले काल आणि व्यय. या दोहोंविषयीं आमचे शास्त्री खरोखरच उदासीन होते, आणि येथें नव्या वर्गांपासून घेण्यासारखें पुष्कळ आहे : पोथ्यांच्या छायाचित्रांस किती दिवस, प्रवासास किती, मदतनिसास दरमहा काय, आणि दफ्तर पाहावयास न मिळाल्यास दुसरा मार्ग कोणता.

एका गोष्टीची भीति मात्र आम्हांस वाटते. पेशवाईंतील पत्रांस लांबलचक मायना असे. त्याच्या पुढें 'विनंति विशेष' आल्यावर मजकूर सुरू होई. मायना सर्वांचा सारखा, म्हणून तो कोणी वाचीत नसे. हल्लींच्या कित्येक प्रस्तावांत अभिनव, आंतरविद्याशाखीय, समाजाभिमुख, दूरगामी इत्यादि शब्दांच्या रांगा असतात; तो नव्या युगाचा मायनाच म्हणावयाचा. वर्गांतून एवढेंच शिकविलें गेलें तर वृद्ध मित्रांचा आक्षेप खरा ठरेल. त्यापेक्षां प्रत्येक शिकणारास प्रथम परीक्षकाच्या जागीं बसवावें, त्याच्यापुढें दहा मसुदे आणि एकाच मसुद्यापुरते पैसे ठेवावे, आणि बाकीच्या नऊ जणांस नकाराचीं कारणें लिहावयास सांगावें. प्रत्याख्यान लिहितां आलें म्हणजे अर्थना आपोआप सुधारते, असा आमचा तर्क आहे. मंजूर झालेल्या प्रस्तावांबरोबर नामंजूर झालेले प्रस्तावही, अर्जदारांच्या संमतीनें, या वर्गांतून वाचले जावे.

शेवटीं एक विनंति. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ग्रंथ पाठविणाऱ्या लेखकांचीं घराणीं पुणें, वाई, सातारा, नाशिक या भागांत अद्यापि असतीलच. कोणाच्या जुन्या कागदांत अशा अर्जाची नक्कल, कमिटीचें उत्तर, विशेषतः नकाराचें पत्र असल्यास त्यांनीं त्याचें छायाचित्र या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावें. कागद मोडींत असला, फाटका असला, किंवा त्यांतील ग्रंथ पुढें कधींच छापला गेला नसला, तरी चालेल.